मदतीचा आकडा म्हणजे विश्वास नव्हे

‘२०२२ मध्ये श्रीलंकेला सुमारे ४ अब्ज डॉलरचा हात दिला, तेव्हापासून शेजाऱ्यांना भारताचं नेतृत्व पटलं’ हे भारत आणि शेजारी देशांवरच्या लेखातलं वाक्य मला पटलं नाही. मदत मोठी होती, वेळेवरही होती, त्याबद्दल वाद नाही. पण शेजारी आपली पारख संकटातल्या मदतीवरून कमी आणि रोजच्या व्यवहारावरून जास्त करतात. मी कांदा निर्यातीच्या धंद्यात आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये एका रविवारी अचानक निर्यातबंदी आली, तेव्हा बांगलादेशातल्या व्यापाऱ्याचा फोन होता, ‘दादा, निदान दोन दिवस आधी सांगायचं होतंत.’ काय उत्तर देणार? मलाच बातम्यांतून कळलं होतं! काही दिवसांतच बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना यांनी दिल्लीत येऊन हसत हसत तेच सुनावलं: स्वयंपाक्याला कांदा बंद करायला सांगितलंय, पुढच्या वेळी आधी कळवा. आणि पुढच्याच सप्टेंबरात पुन्हा तसंच, ट्रक सीमेवर सडत उभे. मग बांगलादेशाने इजिप्त, तुर्कस्तान, म्यानमारकडून माल आणला. गिऱ्हाईक एकदा दुसऱ्या दारात गेलं की परत आणताना दमछाक होते, हे कुठलाही व्यापारी सांगेल.

आणि लेखात सार्कचा, म्हणजे दक्षिण आशियाई देशांच्या संघटनेचा, उल्लेखच नाही, हे जरा नवलच. शेवटची शिखर परिषद २०१४ ची, काठमांडूतली. पाकिस्तानमुळे अडलं म्हणा हवं तर, पण नेपाळ-भूतानने त्यात काय केलं होतं?