रिकार्डो कुणाच्या रानात गेला होता?

आज दुपारी भाचीचा फोन आला. एम.ए.च्या प्रकल्पासाठी तिने मोठ्या हौसेने निवडलेला विषय मार्गदर्शकांनी दोन मिनिटांत परत केला. अर्थशास्त्र हा विषय म्हणून कसा उभा राहिला, तो आधी कुणी शिकवला, कुणाच्या पैशावर आणि कोणत्या कामासाठी शिकवला, हे तिला शोधायचे होते. ‘हा इतिहासाचा विषय झाला, आपला नव्हे. एखाद्या पतसंस्थेच्या कर्जवाटपाची आकडेवारी घेऊन या,’ असे तिला सांगण्यात आले. बत्तीस वर्षे साताऱ्यात अर्थशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या माझ्यासारखीला याचा राग येऊ नये, तर कुणाला यावा?

मी बी.ए.ला असताना एकदा सुट्टीत कोरेगाव तालुक्यातल्या आमच्या घरी ओसरीवर बसून रिकार्डो या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाचा खंडसिद्धान्त (खंड म्हणजे जमीन वापरण्याबद्दल मालकाला द्यायचा मोबदला) मोठ्याने पाठ करत होते. लागवडीखालच्या सर्वांत निकृष्ट जमिनीला खंड नसतो, हे वाक्य मी तिसऱ्यांदा म्हटले, तेव्हा घेवडा निवडत बसलेले वडील थांबले आणि म्हणाले, “मग आपल्या माळाला सारा कशापायी लावलाय? ह्यो बाबा कुणाच्या रानात गेला हुता?” मी हसले. दुसऱ्या आठवड्यात तोच प्रश्न वर्गात विचारला, तेव्हा सर म्हणाले, “तेवढं सोडा, दहा गुणांना येतो, पाठ करा.”

वडिलांच्या प्रश्नाचे उत्तर मला फार उशिरा, नोकरीत स्थिरावल्यानंतर, स्वतः वाचून मिळाले. इंग्लंडात राजकीय अर्थशास्त्राचा पहिला प्राध्यापक माल्थस. १८०५ साली त्याची नेमणूक झाली ती ईस्ट इंडिया कंपनीच्या महाविद्यालयात, म्हणजे आपल्यावर राज्य करायला निघालेल्या पोरसवदा अधिकाऱ्यांना घडवण्यासाठी! तिथेच शिकलेल्या प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने पुढे पुणे जिल्ह्यात जमीन मोजताना हाच खंडाचा सिद्धान्त हाताशी धरला. एकूण उत्पन्नातून लागवडीचा खर्च वजा करायचा आणि उरलेल्या निव्वळ उत्पन्नाचे, म्हणजेच खंडाचे, ५५ टक्के सरकारने सारा म्हणून घ्यायचे, असा त्याचा हिशेब होता. कागदावर हिशेब चोख होता, पण रानात तो बसेना, आणि शेतकरी जमिनी टाकून जाऊ लागले. १८३५ पासून इंदापूर भागात विंगेट आणि गोल्डस्मिड या इंग्रज अधिकाऱ्यांना साऱ्याची आकारणी नव्याने करावी लागली. १८४८ साली साताऱ्याचे राज्य खालसा झाल्यावर आमच्याकडे आली ती ही दुरुस्त केलेली पद्धत, हे मान्य करते. पण सातबाऱ्यावरचा ‘आकार’, म्हणजे साऱ्याच्या रकमेचा, रकाना त्याच घराण्यातला आहे. म्हणजे वडिलांच्या माळाचा आणि माझ्या पाठ्यपुस्तकाचा संबंध होता आणि तो मला कुणीही सांगितला नव्हता.

हे शिकवायचे नाही, तर काय शिकवायचे? न्यायमूर्ती रानड्यांनी १८९२ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात उभे राहून बजावले होते की, इंग्रजी अर्थशास्त्राची गृहीतके इथल्या समाजाला जशीच्या तशी लागू पडत नाहीत. साताऱ्याच्या शाळेत १९०० साली ज्यांचे नाव दाखल झाले, त्या बाबासाहेबांचा रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ १९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. त्याला प्रस्तावना देणारे त्यांचे प्राध्यापक कॅनन यांनी त्यातच आपले मतभेदही नोंदवले. दर ७ नोव्हेंबरला त्या शाळाप्रवेशाचे कार्यक्रम करणाऱ्या आपल्या गावात अर्थशास्त्राच्या किती पदवीधरांनी तो ग्रंथ उघडून पाहिला असेल? अर्थशास्त्राच्या ज्या ‘नोबेल’ची आपण दर ऑक्टोबरला वाट पाहतो, तेही नोबेलच्या मृत्युपत्रात नाही. स्वीडनच्या मध्यवर्ती बँकेने ते १९६८ साली सुरू केले. शास्त्राला मान कोण देते, हेही विद्यार्थ्यांनी विचारायचे नाही का?

आकडेवारी नको, असे मी म्हणत नाही. आकड्यांवाचून अर्थशास्त्र म्हणजे पारावरच्या गप्पा. याच साताऱ्यात जन्मलेल्या अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकरांनी नीलकंठ रथ यांच्यासोबत १९७१ साली गरिबी मोजली, ती दरडोई रोजच्या २२५० उष्मांकांवर. पण तो आकडाही रानात उगवला नव्हता, माणसांनी बसून ठरवला होता. तो कसा ठरला, हे विचारणे ज्यांना अर्थशास्त्राबाहेरचे वाटते, त्यांना मी काय सांगू?

एवढे लिहून झाल्यावर चहा घेतला आणि राग थोडा निवळला. मार्गदर्शकांचाही दोष सगळा नाही. पोरांना बँकेच्या परीक्षा द्यायच्या असतात, प्रकल्प वेळेत जमा व्हायचा असतो. आणि खरे सांगायचे, तर वडिलांचा प्रश्न खिशात असूनही सुरुवातीची कितीतरी वर्षे मी स्वतः फळ्यावर तोच खंडाचा आलेख काढून “दहा गुणांना येतो” असेच म्हणत होते. एकदा मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले होते, “मॅडम, हे इंग्लंडचे, मग आपले कुठे आहे?” तास संपत आला होता. मी तिला “नंतर सांगते” म्हटले. पुढे ती भेटली नाही.

भाची रविवारी येणार आहे. मार्गदर्शकांना सांगायला तिला आकडेच हवे असतील, तर तिच्यासाठी माळाचा जुना सातबारा ट्रंकेतून काढून ठेवला आहे. ‘आकार’ या रकान्यात आकडाच आहे.