जिऱ्याचा निकाल लागेपर्यंत

"सूनबाईला सांग, साबुदाणा भिजायला अजून तासभर हवा होता."

आषाढी एकादशी, सोसायटीच्या पार्किंगमध्ये भजन, भजनानंतर फराळ, आणि खिचडी माझ्याकडे. एवढी पार्श्वभूमी पुरे. वाक्य दुसऱ्या मजल्यावरच्या काकांचं. सूनबाईने साबुदाण्याला बोटसुद्धा लावलेलं नव्हतं. ती पहिल्या रांगेत टाळ वाजवत होती. खिचडी मी केली होती, आणि भिजवण्यावरून मला कुणी बोलावं याचा राग अजून गेलेला नाही. खिचडीचं सगळं नशीब आदल्या रात्री परातीत ठरतं. कढई फक्त निकाल वाचून दाखवते.

साबुदाणा म्हणजे टॅपिओकाच्या कंदाचा स्टार्च. तमिळनाडूत सेलमच्या आसपास हे कंद सोलून, भरडून त्यांचं दूध काढतात, ते टाक्यांत निवळू देतात, तळाशी बसलेला ओलसर स्टार्च हलवून हलवून त्याचे मणी करतात, मग गरम पत्र्यावर भाजतात आणि उन्हात वाळवतात. घरी येतो तो दाणा असा बाहेरून थोडा शिजलेला आणि आतून कच्चा. पिशवीत दाणे एकमेकांवर घासून जी पांढरी पूड सुटते तीही कच्चा स्टार्चच. ती धुऊन काढली नाही तर कढईत तिची खळ होते. म्हणून दोन-तीन पाण्यांनी धुवायचं, हलक्या हाताने. तांदळासारखं चोळलं तर दाणे आणखी झिजून नवी पूड तयार होते. मग सगळं पाणी निथळायचं आणि दाण्यांच्या पातळीला येईल इतकंच नवं पाणी घालायचं. वर तरंगेल इतकं घातलं की सकाळी गोळा मिळतो.

भांडं पसरट हवं. उभ्या पातेल्यात तळातले दाणे पाणी पिऊन लगदा होतात आणि वरचे कोरडे राहतात. दीड किलोसाठी दोन पराती घ्याव्यात, तासाभराने एकदा हाताने वरखाली करावं आणि झाकून ठेवून द्यावं. सकाळी एक दाणा अंगठा आणि तर्जनीत दाबायचा. सपाट झाला तर भिजला. मध्ये टणक कणी लागली तर पाण्याचा एक हबका मारून अर्धा तास थांबायचं. त्या सकाळी मी दोन्ही परातींत चार-चार ठिकाणचा दाणा दाबून पाहिला होता. कणी कुठेही नव्हती, हे इथे जाहीर नोंदवून ठेवतो.

कुटाचं प्रमाण वजनाने अर्धं: दीड किलो साबुदाण्याला पाऊण किलो शेंगदाणे. मंद आचेवर भाजायचे, नाहीतर सालं काळी आणि आत कच्चट. पूर्ण गार झाल्यावरच मिक्सर, तोही थांबवत थांबवत, कारण सलग फिरवला की तेल सुटून कुटाचा चिखल होतो. कूट, मीठ आणि साखर साबुदाण्याला आधीच चोळून ठेवायची. प्रत्येक दाण्याला कुटाचा अंगरखा मिळाला की तो शेजाऱ्याला चिकटत नाही, शिवाय मीठही सगळीकडे सारखं लागतं. आणि दीड किलो एका कढईत ढकलायचा मोह आवरायचा. वरच्या थराच्या वजनाने खालचा चेचला जातो आणि ढवळताना मनगट जातं ते वेगळंच. अर्ध्या किलोचे तीन घाणे. तूप सढळ हाताने, जिरं तडतडलं की मिरची, उकडलेल्या बटाट्याच्या फोडी, मग साबुदाणा. मध्यम आच, दोनच मिनिटं झाकण, मग झाकण काढून उलथन्याने खालून वर. दाणा काचेसारखा दिसू लागला की गॅस बंद. यापुढे चालू ठेवला की आपण खिचडी करत नसून डिंक करत असतो.

तिन्ही घाणे मोकळे झाले. पातेलं खाली आलं, झाकण उघडलं, वाफ आली, द्रोण घेऊन रांग लागली. रांगेत पहिले काका.

काकांनी द्रोण नाकाजवळ नेला.

"हे काळं काय आहे?"

"जिरं."

"जिरं चालतं?"

"आमच्यात चालतं."

"हं. कोथिंबीर घातली नाहीस ना?"

"बाजूला वाटीत आहे. ज्यांना चालते ते घेतील."

"शहाणा आहेस. मिरची?"

"हिरवी."

"हिरवी चालते. लाल तिखट चालत नाही."

"काका, हीच मिरची पिकून वाळली की तिचं लाल तिखट होतं."

"पिकली की चालत नाही."

यावर काय बोलणार! मी दुसऱ्या द्रोणात डाव घातला, तर काकांनी माझा हात धरला. "थांब, वाटू नकोस. चिपळूणला ताईला विचारतो. सगळ्यांच्या उपासाचा प्रश्न आहे."

ताईंनी फोन उचलला. स्पीकर चालू. पार्किंगमध्ये आवाज असा घुमतो की पखवाजवाले सुद्धा थांबले.

"ताई, उपासाला जिरं चालतं का आपल्यात?"

"कुठलं? साधं की शहाजिरं?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. साधं, मी म्हणालो.

"आई असताना चालायचं. आई गेल्यावर बंद केलं."

"का गं?"

"तिला फार आवडायचं म्हणून."

काकांचा आवाज जरा बसला. मग दोघं आईविषयी बोलले, मग चिपळूणच्या पावसाविषयी, मग ताईंच्या गुडघ्याविषयी. मधेच ताईंनी बटाटा उकडून घातलाय की कच्चा, तेही विचारून घेतलं. डाव माझ्या हातात, पातेलं उघडं, मागे रांग. शेवटी ताईंनी तोडगा काढला: "चालतं म्हण. पण वेचून काढलं तर बरं."

मग काका खुर्चीवर बसले आणि द्रोणातलं एकेक जिरं नखाने वेचून कागदी रुमालावर मांडू लागले. ते सगळं झाल्यावर पहिला घास, आणि त्यानंतर ते वाक्य.

साबुदाण्याची खिचडी गरम असते तोवरच मऊ असते. शिजताना स्टार्च पाणी धरून फुगतो आणि गार होऊ लागला की पुन्हा आवळत जातो; शिळा भात टणक होतो त्याचं कारणही हेच. पातेलं उघडं असेल तर वरचा थर वाऱ्याने सुकतो तो वेगळा. म्हणजे खिचडी भिजण्यात बिघडलेली नव्हती, चिपळूणमध्ये बिघडली. हे मी काकांना समजावून सांगितलं. ते म्हणाले, "असेल. पण भिजलाही कमीच."

बरं, चालण्या-न चालण्याचा हा कायदा कुठल्या तर्कावर उभा आहे? टॅपिओका मूळचा दक्षिण अमेरिकेचा. शेंगदाणा तिकडचाच. बटाटाही तिथलाच, रताळं आणि मिरची त्याच खंडांतली. कोलंबस १४९२ साली तिकडे पोचला. ज्ञानेश्वरांनी समाधी घेतली १२९६ साली. माउलींच्या एकादशीच्या पानात साबुदाणा, दाणे, बटाटा, मिरची, यातलं काहीही असणं शक्य नव्हतं. आपल्या कढईतल्या जिऱ्याला मात्र त्या काळी इथे ओळख होती, आणि चौकशी झाली ती नेमकी जिऱ्याची! ज्वारी धान्य म्हणून वर्ज्य. भगर तीही तृणधान्यच, पण तिला मुभा. ताईंच्या निकालाला निदान आई तरी होती; कायद्याला तेवढाही आधार नाही.

चेष्टा पुरे. खरं दुखतं ते वेगळंच. उपास करणारे दहा वाजता येऊन बसतात. करणारा पहाटे पाचपासून उभा असतो, आणि त्याचाही उपासच असतो. दाणे भाजून, सोलून, पाखडून घेताना कुणी चिपळूणला फोन लावत नाही. खिचडी जमली तर "सूनबाईच्या हाताला चव आहे", बिघडली तर "सूनबाईला सांग". पुरुषाने दीड किलोची खिचडी केली असेल ही शक्यताच कुणाच्या मनाला शिवत नाही. मी दोनदा सांगितलं. काका हसले, त्यांना विनोद वाटला.

दुकानदारांवरही राग आहे. पाकिटावर पाककृती छापतात, भिजवायला किती वेळ लागतो ते छापत नाहीत, आणि दर वेळी दाणा वेगळा. बारीक दाण्याला तीन-चार तास पुरतात, जाडाला रात्र लागते. चकचकीत नायलॉन साबुदाणा तळून चिवड्यात घालायचा असतो. तो खिचडीसाठी गळ्यात मारला की रविवार वाया.

पातेल्यात उरली होती पाव किलोभर. आवळलेली खिचडी फेकू नये. दोन चमचे दूध शिंपडून मंद आचेवर झाकण ठेवलं की बरीचशी सैल होते. नाहीतर उकडलेला बटाटा आणि चमचा-दोन चमचे शिंगाड्याचं पीठ घालून मळावी आणि चपटे वडे तळावेत, तेल मध्यम तापलेलं. टणक राहिलेला दाणा तेलात फुटून अंगावर उडतो, तेव्हा आधी एकच वडा सोडून पाहावा. माझा एकही फुटला नाही. ज्यांना शंका आहे त्यांनी यावरून काय ते समजावं.

वडे होणार म्हटल्यावर काकांनी डबा पाठवला. मी भरून दिला, जिऱ्यासकट. डबा त्यांचाच असल्यामुळे परत येताना रिकामा येणार की भरलेला, हा प्रश्नच उद्भवला नाही. निरोप मात्र आला: "सूनबाईला सांग, वडे झकास."