बास्केट भरलेलं दिसलं पाहिजे

कुलगुरूपदी निवड झाल्याबद्दल अभिनंदन! हारतुरे उरकले असतील तर आता विद्यापीठाच्या बृहत आराखड्याकडे, म्हणजे पुढच्या विस्ताराच्या नियोजनाकडे वळा. 2016 च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्यातलं कलम 107 पाठ करून ठेवा. दर पाच वर्षांनी आराखडा करावाच लागतो. घाबरू मात्र नका. पैसे कुठून आणणार हे त्यात कुणी विचारत नाही, पानं किती झाली एवढंच बघतात. उद्दिष्टांपुढे साल टाकायचंच असेल तर 2047 टाका. तुमची मुदत पाच वर्षांची आहे.

आता अभ्यासक्रम. तिजोरीत कितीही खडखडाट असला तरी अभ्यासक्रम बंद करायचा नाही. बंद केला की मोर्चा येतो, अधिसभेत, म्हणजे सिनेटमध्ये, स्थगन प्रस्ताव येतो, शिवाय अग्रलेख येतो तो वेगळाच. अभ्यासक्रम आपसूक मिटू द्यावा. समजा, पालीचा विभाग आहे आणि विभागप्रमुख निवृत्त होताहेत. निरोप समारंभ झोकात करा, शाल-श्रीफळ द्या, भाषणात 'पोकळी' हा शब्द वापरा आणि ती पोकळी तशीच ठेवा. कुणी विचारलंच तर बिंदुनामावली, म्हणजे पदांच्या आरक्षणाचा तक्ता, तपासणीला गेली आहे म्हणा. ती कायमच गेलेली असते. मध्यंतरी नेट-सेट, पीएचडी सगळं पदरी असलेला एखादा तरुण तासिका तत्त्वावर येईल. त्याचं मानधन दिवाळीनंतर काढू म्हणा. कोणत्या दिवाळीनंतर, ते मोघम ठेवा. पुढच्या वर्षी तो येत नाही, त्याच्या पुढच्या वर्षी विद्यार्थी येत नाहीत. मग विद्यापरिषदेत खेदपूर्वक नमूद करा, 'विद्यार्थ्यांचा प्रतिसाद नाही.' इतिवृत्तात तेवढंच राहतं.

नवे अभ्यासक्रम काढताना मात्र हात आखडता घेऊ नका. नावात 'एआय' किंवा 'डेटा' असलं की झालं. स्वयंअर्थसहाय्यित तत्त्वावर काढा, म्हणजे शासनापुढे हात पसरायला नको. विद्यार्थ्याचा बाप आहेच. 1983 साली विनाअनुदानित महाविद्यालयांना दारं उघडली, तेव्हापासून ही वाट महाराष्ट्राच्या पायाखालची आहे.

खरी मौज राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये आहे. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, भारतीय ज्ञान प्रणाली, कौशल्य विषय आणि या सगळ्यांचं बास्केट! विद्यार्थ्याने हवं ते उचलावं, असं धोरण म्हणतं. म्हणू द्या. बास्केटमध्ये काय ठेवायचं, हे विद्यार्थ्यांना विचारून ठरवायचं नसतं, कार्यभार मोजून ठरवायचं असतं. सहायक प्राध्यापकाला आठवड्याला 16 तास शिकवणं बंधनकारक आहे. भूगोलाच्या सरांचे 12 भरत असतील तर उरलेल्या चार तासांत कॉमर्सच्या मुलांना पर्यटनाची गोडी लागलीच पाहिजे. सर अतिरिक्त ठरण्यापेक्षा हे बरं, आणि खरं सांगायचं तर यात सरांचा काडीचाही दोष नाही. माहितीपत्रकात छापा : 'खालीलपैकी कोणताही एक विषय निवडावा.' खाली एकच विषय असू द्या. एखादी मुलगी संगीत मागायला आलीच तर 'टाइमटेबल क्लॅश होतं' हे उत्तर ऑफिसातल्या क्लार्कलाही शिकवून ठेवा. संगीताचे शिक्षकच नाहीत, हे सांगण्याची वेळ सहसा येत नाही.

इंटर्नशिपचं फारसं मनावर घेऊ नका. मुलं गावातल्या झेरॉक्सच्या दुकानातून प्रमाणपत्र आणतात. शिक्का स्पष्ट उमटलाय ना, तेवढं बघा.

ग्रंथालयाला पुस्तकं आणि प्रयोगशाळेला रसायनं मिळण्याइतकी तरतूद नसते, हे सर्वांना ठाऊक आहे. दर्जा तपासून श्रेणी देणाऱ्या नॅकची समिती यायच्या आठवड्यात मात्र प्रवेशद्वाराच्या रंगाला, कुंड्यांना आणि फ्लेक्सला पैसे सापडतात. ते कुठून सापडतात हे वित्त व लेखा अधिकाऱ्यांना विचारू नका. चांगल्या माणसाला अडचणीत आणू नये.

राहता राहिली मार्चमधली अधिसभा. तुटीचा अर्थसंकल्प गंभीर आवाजात मांडा, 'काटकसर' आणि 'गुणवत्ता' एकाच वाक्यात येऊ द्या. रिक्त जागांवरून कुणी उठलंच तर जागीच समिती जाहीर करा. अध्यक्ष म्हणून पालीचे ते निवृत्त विभागप्रमुख उत्तम. त्यांना वेळ आहे आणि प्रश्नाची जाणही आहे. त्यांचा बैठक भत्ता आणि प्रवासखर्च मात्र त्याच दिवशी काढा, ज्येष्ठ माणसाला ताटकळत ठेवणं बरं दिसत नाही.