काळ्या शाईतला गुन्हा

मायदेशी परतलो की ग्राफिक कादंबऱ्यांवरचा वाद हमखास कानावर येतो आणि प्रत्येक वेळी तो एकाच जागी अडतो: चित्रांतून सांगितलेली गुन्हेगारी कथा मुलांच्या हाती पडली तर? चित्रे म्हणजे बालवाङ्मय, हे गृहीतक इतके पक्के आहे की प्रौढ वाचकाचा विचारच कोणी करीत नाही. मी राहतो त्या फ्रान्समध्ये चित्रकथेला ‘नववी कला’ म्हणतात आणि ग्रंथालयांत प्रौढांच्या चित्रकथा वेगळ्या लावलेल्या असतात. त्यामुळे इथला वाचक अधिक प्रगल्भ, असे मानण्याचा मोह मलाही झाला होता. पण याच फ्रान्सने १९४९ साली मुलांच्या प्रकाशनांत गुन्ह्याचे उदात्तीकरण करण्यास मनाई करणारा कायदा केला, आणि अमेरिकेत १९५४ साली सेनेटच्या उपसमितीपुढे चित्रकथांबाबत सुनावणी झाल्यावर त्यांच्या प्रकाशकांनी स्वतःवरच आचारसंहिता लादून घेतली. मुखपृष्ठावरील ‘क्राइम’ या शब्दाची अक्षरे इतर शब्दांहून फार मोठी नसावीत, असेही तीत नमूद होते! आपल्याकडची भीती आपलीच खासियत नाही, एवढे यातून कळते.

या वादात नॉयर, म्हणजे गुन्ह्याच्या काळोख्या जगात वावरणाऱ्या, चित्रकथेच्या खऱ्या बळाकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही. दोन चौकटींमधल्या मोकळ्या जागेत गोळी सुटते, आणि पुढच्या चौकटीत अर्धे पान काळ्या शाईने भरून टाकलेले असते; मधला खून वाचकाने स्वतःच्या मनात करायचा असतो, आणि म्हणून त्याचा वाटाही त्याला उचलावा लागतो. होसे मुन्योस आणि कार्लोस साम्पायो या दोघा अर्जेंटिनी कलावंतांनी १९७५ पासून युरोपात राहून न्यूयॉर्कमधल्या अ‍ॅलॅक सिनर या खासगी गुप्तहेराची कथा रचली. मायदेश सोडलेल्या दोघांनी तिसऱ्याच देशातले शहर रेखाटले, हे मला, बाहेरून पाहण्याची सवय जडलेल्या माणसाला, फार जवळचे वाटते. पोलिसांची नोकरी सोडलेला हा सिनर वर्षांगणिक म्हातारा होतो, आणि रस्त्यावरून जाणाऱ्या अनोळखी माणसांचे बोलणे चौकटीत घुसून त्याच्या तपासाला बाजूला सारते.

म्हणून सगळेच काळे पान मला मोलाचे वाटते असे नाही. अमेरिकी चित्रकथाकार फ्रँक मिलरची १९९१ साली सुरू झालेली ‘सिन सिटी’ ही नॉयर चित्रकथा शाई आणि कागद यांच्या टक्करीत थक्क करते, परंतु तिथल्या बहुतेक स्त्रिया देहापलीकडे पोहोचत नाहीत, आणि हिंसा इतकी देखणी होते की तिची इजाच जाणवत नाही. मुलांच्या नावाने घेतलेला आक्षेप या दोषाजवळ फिरकतही नाही. आपल्या रहस्यकथांना गुन्हेगार सापडल्यावर कथा संपवण्याची सवय आहे. सिनरच्या गोष्टीत मात्र गुन्हेगार कळल्यानंतरही शहर होते तसेच राहते, आणि घरच्या वादात हा फरक मला अद्याप ऐकू आलेला नाही.