फक्त पीसीडी बघून अलॉय घेऊ नका
अलॉय चाकांवरच्या या लेखात म्हटलंय की पीसीडी (चाकाचे बोल्ट ज्या वर्तुळावर बसतात त्याचा व्यास) जुळलं की टेस्ला मॉडेल ३ या इलेक्ट्रिक गाडीला कुठलेही अलॉय चालतात. हे मला अजिबात पटलं नाही. ५×११४.३ (पाच बोल्ट, ११४.३ मिमीचं वर्तुळ) हे माप कितीतरी जपानी गाड्यांनाही आहे, पण मॉडेल ३ च्या हबचं, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या मधल्या गोल भागाचं, माप ६४.१ मिमी. अलॉयचं मधलं भोक त्याहून मोठं असेल आणि ती फट भरणारी हब रिंग बसवली नाही, तर हायवेवर स्टिअरिंग थरथरू शकतं. शिवाय बॅटरीमुळे गाडी जड, म्हणून चाकाची भार पेलायची क्षमता आधी विचाराच.

टायरमधल्या हवेचा दाब मोजणाऱ्या सेन्सरबद्दल लेखात एकच ओळ आहे आणि खरी मेख तिथेच आहे! सुरुवातीच्या मॉडेल ३ ला ४३३ मेगाहर्ट्झचे रेडिओ सेन्सर होते, २०२१ च्या सुमारास ब्लूटूथवाले आले. एकाचे दुसऱ्याला चालत नाहीत. टायर चढवल्यावर हे कळलं तर चारही पुन्हा उतरवायचे, मजुरी पुन्हा द्यायची. इथे शिकागोत हिवाळ्यासाठी चाकांचा वेगळा सेट ठेवणाऱ्यांनी तर हे बघावंच. पारा साडेपाच अंश सेल्सिअसने उतरला की टायरमधल्या हवेचा दाब साधारण १ पीएसआय (दाब मोजायचं एकक) कमी होतो. आणि हो, नवी चाकं लावल्यावर स्क्रीनवर चाकाचा प्रकारही बदला, रेंजचा, म्हणजे एका चार्जमध्ये गाडी किती जाईल याचा, अंदाज त्यावरही अवलंबून असतो.