पंधरा हजार किलोमीटरचं गणित चुकीचं आहे

परफॉर्मन्स सेडान, म्हणजे जास्त ताकदीची वेगवान सेडान गाडी घेणाऱ्या, किंवा घ्यायचा विचार करणाऱ्या प्रत्येकापर्यंत एक मजकूर कधी ना कधी पोचतो. त्याचा सारांश असा: ‘या गाड्यांचे टायर पंधरा हजार किलोमीटरला संपतातच. कंपन्या मुद्दाम मऊ रबर देतात. पाचशे हॉर्सपॉवर रबर खाणारच. टायरवरच्या ट्रेडवेअर आकड्याला शंभरने गुणा, तेवढे किलोमीटर मिळतात. आतली कड झिजते ती कॅम्बरमुळे (चाकाच्या झुकावामुळे), त्यावर इलाज नाही. तीन-चार पीएसआय हवा जास्त ठेवा. आणि नक्षी शिल्लक आहे तोवर टायर चांगला.’

यातल्या प्रत्येक वाक्यात थोडं खरं आहे, म्हणूनच ते इतकं फिरतं. मागचे टायर पंधरा-वीस हजारांत संपलेल्या गाड्या आहेत, आणि त्यांचे मालक खोटं बोलत नाहीत. पण तो आकडा नियम म्हणून स्वीकारला की माणूस कारण शोधायचं सोडून देतो. अलाइनमेंट (चाकांच्या कोनांची जुळवणी) बिघडलेली असते, हवा कमी असते, आणि मालक म्हणतो, ‘या गाड्यांचं असंच असतं.’ माझा आक्षेप आहे तो या म्हणण्याला.

आधी ट्रेडवेअरचं बघू, कारण तिथे आकडे हातात आहेत. टायर किती सावकाश झिजतो ते दाखवणारा हा आकडा अमेरिकन सरकारच्या नियमानुसार टायरच्या बाजूवर छापला जातो; जितका मोठा, तितकी झीज कमी. टेक्सासमधल्या सार्वजनिक रस्त्यांवर सुमारे ६४० किलोमीटरचा एक ठरलेला मार्ग आहे. त्यावर गाड्यांचा ताफा फिरवतात. सोबत एक संदर्भ टायर असतो आणि त्याच्या तुलनेत नवा टायर किती झिजला ते मोजतात. सगळी मिळून धाव जेमतेम साडेअकरा हजार किलोमीटरची. पुढचं आयुष्य झिजेच्या वेगावरून काढलेला अंदाज. शिवाय अंतिम श्रेणी कंपनी स्वतः जाहीर करते. म्हणजे हा आकडा तुलनेसाठी आहे, किलोमीटर सांगण्यासाठी नाही. एकाच कंपनीचे दोन टायर समोर ठेवले तर तो उपयोगी पडतो. दोन वेगळ्या कंपन्यांचे ठेवले की त्याचा भरवसा लगेच कमी होतो.

उदाहरण घ्या मिशलिन पायलट स्पोर्ट ४ एस या टायरचं, जो अशा गाड्यांवर सर्रास दिसतो. त्याचं ट्रेडवेअर ३००. ‘गुणिले शंभर’च्या हिशोबाने तो ३०,००० किलोमीटर चालायला हवा. प्रत्यक्षात अमेरिकेत कंपनी त्यावर ३०,००० मैलांची, म्हणजे सुमारे ४८,००० किलोमीटरची हमी देते. पण त्या हमीत एक अट आहे, आणि मला तीच सगळ्यात बोलकी वाटते: पुढच्या आणि मागच्या टायरचा आकार वेगळा असेल, तर मागच्या टायरची हमी निम्मी. टायर तोच आणि रबरही तेच, तरी आयुष्याचा अंदाज थेट अर्ध्यावर येतो. कारण टायर आलटून-पालटून लावता येत नाहीत.

पंधरा-वीस हजारांच्या तक्रारींमागचं मोठं कारण इथेच आहे. बीएमडब्ल्यू एम३ कॉम्पिटिशनला पुढे २७५/३५ आर१९ आणि मागे २८५/३० आर२० (पहिला आकडा म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये). अल्फा रोमिओ जुलिया क्वाड्रिफोलिओला पुढे २४५, मागे २८५ रुंदीचे. पुढचा टायर मागे जाऊच शकत नाही, मागचा पुढे येऊ शकत नाही. इंजिनाची ताकद मागून जात असेल तर मागची जोडी आधी संपते आणि पुढची अर्ध्याहून जास्त शिल्लक राहते. लोक मात्र मागच्या जोडीचा आकडा चारही टायरचा म्हणून सांगतात. ऑडी आरएस३मध्ये तर उलट रचना आहे: पुढे २६५, मागे २४५, कारण वजन आणि वळणाचा ताण नाकावर जास्त. अशा गाडीत पुढची जोडी आधी तपासायला हवी. आणि ज्या सेडानला चारही चाकांवर एकच आकार आहे, तिथे दर आठ-दहा हजारांना टायर पुढे-मागे आलटून-पालटून लावले तर झीज चौघांत वाटली जाते. ‘परफॉर्मन्स सेडान’ या एका नावाखाली इतके वेगवेगळे प्रकार येतात. त्या सगळ्यांना एकच आकडा लागू पडणार कसा?

आता हॉर्सपॉवर. पाचशे हॉर्सपॉवरची गाडी सपाट रस्त्यावर ताशी १०० च्या स्थिर वेगाने जाते तेव्हा तिला वीसेक हॉर्सपॉवर पुरते. बाकीची ताकद त्या वेळी नुसती पडून असते, आणि पडून असलेली ताकद रबर खात नाही. टायर झिजतो तो रस्त्यावर सरकल्यामुळे: वेग घेताना, ब्रेक मारताना आणि वळताना. त्यातल्या वळण्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं. वळणावर बाजूचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, आणि रबर सरकण्यात खर्ची पडणारी ऊर्जा त्या जोराच्या साधारण वर्गाने. तेच वळण ५० ऐवजी ६० ने घेतलं, तर जोर १.४४ पट आणि झिजेची ऊर्जा दुपटीच्या थोडी वर. फक्त दहाचा फरक! ड्रायव्हरला तो जाणवतही नाही, कारण या गाड्या ६० ला ५० इतक्याच शांत वाटतात. एकच मॉडेल एकाकडे पंधरा हजार चालतं आणि दुसऱ्याकडे तीस, त्याचं अर्धं उत्तर या हिशोबात आहे. वजनाचा वाटाही विसरू नये. प्लग-इन हायब्रिड (इंजिनासोबत चार्ज करायची बॅटरी असलेली) झालेली बीएमडब्ल्यूची नवी एम५ सुमारे २,४०० किलोची आहे. हे वजन प्रत्येक वळणावर आणि प्रत्येक ब्रेकला टायरलाच आवरावं लागतं, मग पाय कितीही हलका असो.

मऊ रबर ही कंपन्यांची लबाडी आहे, या आरोपाबद्दल थोडक्यात. त्याच कंपन्या ५००-६०० ट्रेडवेअरचे टायरही विकतात. ते लावा आणि जास्त चालवा, कोणी अडवत नाही. फक्त ब्रेक मारल्यावर गाडी थांबायला जास्त अंतर लागेल, आणि वळणावर पकड लवकर सुटेल. ताशी २५० च्या वेगासाठी बनवलेल्या गाडीला कंपनी चिकट रबर देते, ते रस्त्यावर पकड असावी म्हणून.

आतली कड झिजण्याबद्दलचा दावा मला सगळ्यात घातक वाटतो. या गाड्यांची मागची चाकं वरच्या बाजूने किंचित आत झुकलेली असतात, साधारण दीड ते दोन अंश. त्यामुळे आतल्या कडेवर भार जास्त येतो, हे खरं. पण नुसता झुकाव टायर सावकाश झिजवतो. कड झपाट्याने खाल्ली जाते ती टो बिघडल्यावर, म्हणजे चाकाचं तोंड गाडीच्या सरळ रेषेपासून आत किंवा बाहेर वळल्यावर. चाक फक्त ०.१ अंशाने तिरकं असेल, तरी भूमितीच्या हिशोबाने दर किलोमीटरला ते पावणेदोन मीटर बाजूला ओढलं जातं. दहा हजार किलोमीटरमध्ये हे सतरा किलोमीटरच्या वर जातं. त्यातलं काही रबर लवचीकपणाने सोसतं, बाकीचं घासून जातं. आणि झुकावामुळे भार आतल्या कडेवर असल्याने घासतं तेही तिथेच.

टो मात्र दुरुस्त होतो! बहुतेक परफॉर्मन्स सेडानमध्ये मागच्या चाकांचा टो बदलता येतो. अडचण अशी की पुष्कळदा अलाइनमेंट म्हणून फक्त पुढची चाकं जुळवून दिली जातात आणि मागच्यांना कोणी हात लावत नाही. चारही चाकांचं अलाइनमेंट करून घ्या आणि आधीचे-नंतरचे आकडे लिहिलेला कागद मागून घ्या. स्प्रिंग बदलून गाडी खाली बसवली असेल तर झुकाव आणि टो दोन्ही बदललेले असतात. तिथे अलाइनमेंट टाळणं म्हणजे टायर फेकून देणं.

हे तपासायला यंत्र लागत नाही. हँडब्रेक लावून, गाडी बंद करून, टायर गार झाल्यावर तळहात नक्षीवरून आडवा फिरवा: आधी आतून बाहेर, मग बाहेरून आत. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीच्या दातांसारखं खरखरीत लागलं, तर टो बिघडला आहे. दोन्ही दिशांना सारखंच गुळगुळीत असेल आणि आतली कड थोडी जास्त उतरली असेल, तर तो झुकावाचा परिणाम. पुढच्या चाकांची आतली कड स्टिअरिंग पूर्ण वळवलं की दिसते. मागची तशी दिसत नाही. मागे उभं राहून बघितलं तर बाहेरच्या खाचा व्यवस्थित असतात, आणि आतल्या दोन बोटांच्या पट्टीत रबराखालच्या तारा उघड्या पडलेल्या असतात. मोबाइल चाकामागे धरून फोटो काढा, किंवा गाडी लिफ्टवर चढेल तेव्हा स्वतः वाकून बघा. ‘कॅम्बरमुळे होतंच’ म्हणून गप्प बसलेला माणूस ताशी सव्वाशेला त्या तारांवर चालत असतो, आणि त्याला ते माहीतही नसतं.

हवा जास्त भरण्याचा सल्ला दोन्हीकडून तोट्याचा आहे. मधला भाग जास्त झिजतो आणि रस्त्याला टेकणारा भाग आक्रसल्याने ब्रेकचं अंतर वाढतं. मात्र कमी हवेने होणारं नुकसान याहून मोठं: दोन्ही कडा झिजतात आणि टायर आतून तापतो. दाराजवळच्या स्टिकरवर पुढच्या-मागच्या टायरचे आकडे वेगळे असू शकतात, पूर्ण भरलेल्या गाडीसाठी आणखी वेगळे. ते थंड टायरचे आकडे आहेत. तापमान पाच-सहा अंशांनी उतरलं की दाब सुमारे एका पीएसआयने घटतो, म्हणून ऋतू पालटला की हवा पुन्हा बघायची.

‘नक्षी आहे तोवर टायर चांगला’ हेही सोडून द्या. बऱ्याच देशांत किमान खोली १.६ मिलिमीटर आहे, आणि खाचांमधले उंचवटे रबराच्या बरोबरीला आले की ती संपली. पण रुंद टायरला पाणी बाजूला सारायला जास्त कष्ट पडतात. पावसात ही गाडी जोरात चालवायची असेल तर ३ मिलिमीटरला टायर बदलावा, असं माझं ठाम मत आहे. शिवाय वय असतं. बाजूवरच्या, ‘DOT’ (डीओटी) अक्षरांनी सुरू होणाऱ्या मजकुराच्या शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात: २३२१ म्हणजे २०२१चा तेविसावा आठवडा. मिशलिन पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासणी आणि जास्तीत जास्त दहा वर्षांत बदल सुचवते. काही कारनिर्माते सहाव्या वर्षीच बदला म्हणतात. गाडी फक्त सुटीच्या दिवशी बाहेर काढणाऱ्यांचे टायर झिजायच्या आधी म्हातारे होतात.

मग टायर किती चालेल? ते तुमच्याच टायरवर मोजता येतं. खोली मोजायची साधी पट्टी घ्या आणि नव्या टायरची आतली, मधली, बाहेरची अशी तीन मापं लिहून ठेवा. समजा सगळीकडे ७.५ मिलिमीटर आहे. दहा हजारांनंतर सगळ्यात झिजलेल्या जागी ५.७ उरलं, तर १.८ मिलिमीटर गेलं. ३ मिलिमीटरपर्यंत यायला अजून २.७ आहे, म्हणजे सुमारे पंधरा हजार किलोमीटर. नव्या नक्षीचे उंच ठोकळे जास्त डुलतात आणि सुरुवातीला लवकर झिजतात, त्यामुळे हा अंदाज सहसा थोडा कमीच निघतो. आणि आतलं माप बाहेरच्यापेक्षा भराभर उतरताना दिसलं, तर नवे टायर मागवायच्या आधी अलाइनमेंटची वेळ घ्या, नाहीतर पुढची जोडीही तशीच जाईल.