‘तिकडे बघा, कसं मोजतात!’

पुन्हा तोच वाद. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२२ मध्ये भारतात २०२०-२१ या दोन वर्षांत करोनाच्या साथीमुळे ४७ लाख जादा, म्हणजे एरवी झाले असते त्याहून जास्त, मृत्यू झाल्याचा अंदाज दिला. करोना-मृत्यूंचा सरकारी आकडा होता सुमारे ४.८ लाख. तेव्हापासून घरच्यांच्या गप्पांत दोन तट आहेत. एक म्हणतो, ही देशाची बदनामी. दुसरा म्हणतो, तिकडे बघा, माणूस न् माणूस मोजतात. मला राग येतो तो दुसऱ्याचा, कारण ‘तिकडे’ म्हणजे मी राहतो ते इंग्लंड.

तर तिकडचं ऐका. सुरुवातीला इंग्लंडमध्ये एकदा चाचणी पॉझिटिव्ह आली की माणूस पुढे कधीही आणि कशानेही जावो, मोजणी करोनात. १२ ऑगस्ट २०२० ला चाचणीनंतर २८ दिवसांत गेला तरच मोजायचा, अशी अट आली आणि एका फटक्यात पाच हजारांवर मृत्यू यादीतून उतरले. पुढच्या दोन महिन्यांच्या आतच १५,८४१ रुग्णांची नोंद राहून गेली. का, तर प्रयोगशाळांच्या याद्या एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फायलीत ओतल्या जात होत्या आणि तिच्यात ६५,५३६ च्या पुढे ओळी मावत नाहीत. मुंबईने जून २०२० मध्ये राहिलेले ८६२ मृत्यू यादीत घातले तेव्हा केवढा गहजब झाला! तिथे निदान भर तरी पडली.

देशादेशांची तुलना तर आणखी निसरडी. बेल्जियमने वृद्धाश्रमांतले नुसते संशयित मृत्यूही धरले, म्हणून लोकसंख्येच्या मानाने तो वर दिसला. पेरूने ३१ मे २०२१ ला व्याख्या रुंदावली आणि ६९,३४२ चे १,८०,७६४ झाले. विषाणू तोच होता. संघटनेच्या विभागवार आलेखात पाकिस्तान ‘पूर्व भूमध्य’ विभागात आहे आणि भारत ‘आग्नेय आशिया’त, म्हणून एप्रिल-मे २०२१ मधला आग्नेय आशियाचा उंच सुळका म्हणजे जवळजवळ एकट्या भारताचाच.

म्हणून करोनाचा शिक्का बाजूला ठेवायचा आणि सगळ्याच कारणांचे नोंदलेले मृत्यू बघायचे. भारताच्या नागरी नोंदणीत (जन्म-मृत्यूंच्या सरकारी नोंदीत) २०१८ ला ६९.५ लाख, २०१९ ला ७६.४, २०२० ला ८१.२ आणि २०२१ ला १०२.२ लाख. नोंदणी सुधारते म्हणून दरवर्षी पाच-सात लाख तशीही वाढत होती, तेवढी आधी वजा करा. तरी २०२१ ची २१ लाखांची उडी त्यात बसत नाही. ती ४.८ लाखांतही बसत नाही, आणि एवढ्यावरून ४७ लाखही सिद्ध होत नाहीत. २०२१ चा हा आकडा बाहेर यायला मे २०२५ उजाडलं. इथे इंग्लंडमध्ये मृत्यूंची मोजणी दर आठवड्याला प्रसिद्ध होते. हा फरक खरा आहे, तो मी नाकारत नाही.

पण खरी गळती आणखी खाली आहे, नमुना ४ मध्ये. भारतात रुग्णालयात मृत्यूचं कारण लिहायचा हा कागद. पहिल्या भागात ‘अ’ ओळीवर लगेचचं कारण, उदाहरणार्थ न्यूमोनिया. ‘ब’ वर ते कशामुळे झालं, म्हणजे करोना. प्रत्यक्षात ‘अ’ वर ‘हृदयक्रिया बंद पडली’ (ती प्रत्येकाचीच पडते), खाली मधुमेह आणि करोना गेला दुसऱ्या, म्हणजे इतर आजारांच्या भागात. झालं, मूळ कारण मधुमेह. घरी मृत्यू झालेल्याच्या बाबतीत तर असा कागद बहुधा भरलाच जात नाही. नोंदलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम पाव मृत्यूंचं कारण डॉक्टरांनी लिहिलेलं असतं.

आणि एक कबुली. पेरूने आकडा बदलला त्याच दिवशी संघटनेने विषाणूच्या एका प्रकाराला ‘डेल्टा’ हे नाव दिलं. तोवर इथल्या बातम्यांत तो ‘इंडियन व्हेरियंट’ होता. त्याआधीच्या प्रकाराला इथे सर्रास ‘केंट’चा (केंट हा इंग्लंडमधलाच एक परगणा) म्हणत, त्यात मला कधी काही खटकलं नव्हतं. ‘इंडियन’ मात्र झोंबलं. घरच्यांशी वाद घालताना मी ‘तुमचे आकडे’ म्हणतो. इथल्या कुणी तेच म्हटलं, की ते लगेच ‘आमचे’ होतात.